ओवीचा आखूड चरण

राजाच्या पदरी धुंडिराजशास्त्री होते. त्यांनी काव्यप्रकारांची पोथी रचली, त्यात श्लोक घेतला, आर्या घेतली, ओवी तेवढी वगळली. "तीन चरण धड, चौथा लंगडा. असलं गाणं वाड्यात नको," म्हणाले. राजाने मान डोलावली आणि मुदपाकखान्यात ओव्या म्हणत दळणारी ठकूबाई मुकी झाली.

चार दिवसांत राजाच्या भाकरीत कणी लागू लागली. राजा शास्त्र्यांना घेऊन जात्यापाशी आला.

"महाराज, माझा हात ओवीवर चालतो," ठकूबाई म्हणाली. "एकदा म्हणू द्या. लंगडी ठरली, तर जन्मात तोंड उघडणार नाही."

दाणा घालते मूठभर ।
पीठ पडते झरझर ।
शास्त्री उभे दारावर । उपाशी ॥

राजाला हसू आलं. शास्त्री म्हणाले, "आखूडच आहे की चौथा."

"असायलाच हवा. तीन चरणांना तीन फेरे. चौथ्याला हात खुंटा सोडून दाण्यात जातो. तुमचा श्लोक म्हणून दळून बघा."

शास्त्री बसले. चारही चरण सारखे लांब, हात काही सुटेना. जातं रिकामंच घरघरलं.

खुंटा धरूनच शास्त्र्यांनी ओवी लिहायला पोथी मागवली आणि विचारलं, "ठकूबाई, मूठ केवढी घ्यायची?"