सुईणीच्या खिंडीतले काजवे

बसा इथंच कातळावर, विजेऱ्या तेवढ्या बंद करा. समोर खिंडीच्या तोंडाशी तो सादडा दिसतोय ना, अंधार पडला की तो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजव्यांनी भरतो. सगळे एकदम पेटतात, एकदम विझतात. हातावर घेतलेत तर चटका राहू द्या, कोमटसुद्धा लागत नाहीत. मी दुंदा गभाले, पलीकडच्या वाडीचा. आमच्याकडं याची हकीकत सांगतात ती अशी.

फार पूर्वी काजव्याला उजेड नव्हता म्हणे. झाडाच्या सालीत राहणारा साधा काळा किडा तो. त्या काळी खिंडीच्या अलीकडं ठमाई नावाची सुईण राहायची. दोन्ही अंगांच्या सात वाड्यांना ती एकटीच. चाळीस वर्षं हा चढ चढून तिचे गुडघे गेले होते. स्वतःची दोन लेकरं तिला राखता आली नव्हती, पण कुणी बोलवायला आलं की ती निघायची.

एकदा उन्हाळा सरता सरता, दिवस मावळताना, आमच्या वाडीतला भिवा तिच्या दारात आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. ठमाई त्याच दुपारी दुसरं बाळंतपण उरकून परतली होती.

"माझ्यानं नाही होत रे आता," ती म्हणाली. "पाय उचलत नाहीत. दुसरी कुणी बघ."

"दुसरी कोण हाय, आई?" एवढंच बोलून भिवा उंबऱ्याशी बसून राहिला.

 ठमाईनं काडक्यांची चूड पेटवली, काठी उचलली आणि पाणी तापवायला भिवाला पुढं पळवलं.

खिंडीत वाऱ्यानं चूड विझली. एका अंगाला दरी, पाऊल टाकायची सोय नाही. ती सादड्याखाली टेकली. टेकल्यावर तिला फार बरं वाटलं, असं सांगतात. इथंच पडून राहावं, सकाळचं सकाळी बघू. या वाटण्याचीच तिला भीती वाटली. खिंडीतल्या देवीला ती म्हणाली, "आई, मी उठते. तू वाट दाखव."

"विस्तव देते," देवी म्हणाली, "पण या वाऱ्यात तो धरणार कोण?"

तेव्हा सालीतले किडे बाहेर आले. विस्तव पोटात घ्याल तर जळून जाल, असं देवीनं त्यांना बजावलं. किडे म्हणाले, "म्हातारी परत येईस्तोवर धरतो."

मग देवीनं विस्तवाचे दोन भाग केले. उजेड किड्यांच्या पोटात ठेवला आणि ऊब ठमाईच्या तळहातांत. तरीही तेवढ्याशा जिवांना उजेड जड झाला. एकसारखा धरवेना. थोडा धरायचा, दम घ्यायचा, पुन्हा धरायचा, सगळ्यांनी मिळून. त्या लुकलुकीत ठमाई खिंड उतरली.

मुलगी झाली, पण गार, निळी पडलेली. रडेना. ठमाईनं तिला दोन्ही तळहातांत धरलं ते उजाडेपर्यंत सोडलं नाही. कोंबडा आरवायच्या सुमारास पोर रडली. ठमाईनं तिला आईच्या कुशीत दिलं, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाली, "जरा पडते." ती पुन्हा उठली नाही. तिला आमच्याच वाडीच्या वर माती दिली. आम्ही सगळे त्या मुलीच्या वंशातले.

किड्यांना मात्र हे तेव्हा कळवायचं कुणाला सुचलं नाही. दर वर्षी त्याच दिवसांत ते झाडावर येतात आणि खिंडीकडं तोंड करून थांबतात.

आजही आमच्या घरी मूल जन्मलं की एक जाणतं माणूस इथं येतं, सादड्याला हात लावून म्हणतं, "ठमाई पोचली. तिचं काम झालं. निजा आता." मी चार वेळा सांगितलंय. परवा नात झाली तेव्हाही आलो होतो. माझं बोलणं संपलं आणि सगळं झाड काळं झालं. वाटलं, ऐकलं बाबा यांनी. मीही जरा टेकलो.

मग पुन्हा पेटले. म्हातारी परत आलेली त्यांनी पाहिली नाही ना.