इनामदारांची घोडी

चिमा तेलिणीचा घाण्याचा बैल इनामदारांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी सांगावा धाडला, "बैल मी वीस रुपयांना घेतला. उद्या दुपारपर्यंत नकार आला नाही, तर सौदा पक्का!"

चिमा गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी इनामदारांची माणसं बैलाच्या दाव्याला हात घालू लागली, तशी ती पाटलांच्या चावडीवर गेली. इनामदार तिथंच बसले होते.

"पाटील, बैल जाऊ दे, पण इनामदारांची घोडी मला द्या. दोन रुपयांना घेतली, असा सकाळीच त्यांना सांगावा धाडलाय. तेही गप्पच बसले."

इनामदार उसळले, "उपरण्याखाली हातात हात देऊन भाव ठरल्याशिवाय कधी जनावर विकलं जातं का गं?"

"हेच तुमच्या माणसांना सांगा, मालक. दावं अजून त्यांच्याच हातात आहे."

पाटील खो खो हसले. दिवेलागणीआधी चिमाचा घाणा पुन्हा करकरू लागला.