बाळाच्या पेटीची भाषा

पंचगंगेकाठच्या एका गावात पद्मजा मगदूम नावाची एक मुलगी राहत होती. ती इंजिनिअर झाली होती. यंत्राच्या पोटातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायचा, एवढाच तिला ध्यास होता.

पण त्यासाठी कोणती भाषा शिकावी, हेच ठरेना. मावसभाऊ म्हणाला, पायथन. ती पायथन शिकू लागली. मैत्रीण म्हणाली, जावा. पायथन अर्धं टाकून तिने जावा धरलं. कुणी रस्टचं कौतुक केलं, की तिकडे पळाली. प्रत्येक भाषेच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि मागे फिरायची.

एकदा ती कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेली. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनत. लाटकर मॅडम तिथल्या मुख्य इंजिनिअर होत्या.

"मला चार-पाच भाषा येतात," पद्मजा म्हणाली.

"छान! मग ह्या पेटीला कोणती लागेल?"

पद्मजा आधी पायथन म्हणाली, मग जावा, मग रस्ट. तिचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय? आधी दवाखान्यात जाऊन पेटीतली बाळं बघून ये. मग बोलू."

ती गेली. काचेआड मूठभर जीव निजले होते. ऊब जरा कमी झाली की गार पडत, जास्त झाली की तापत. परत आल्यावर तिने भाषेचं नावच काढलं नाही. विचारलं, "मॅडम, पेटीतल्या चिपमध्ये किती मावतं? तिला किती झटपट काम करावं लागतं?"

मॅडम खूश झाल्या. त्यांनी तिला शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं. चिप चिमुकली होती, म्हणून दोघींनी थोड्या जागेत मावणारी, झटपट चालणारी सी भाषा ठरवली. पद्मजा तिच्यात बुडून गेली. तिने मॅडमची बोलणी खाल्ली, त्यांच्या डब्यातली भाकरीही खाल्ली.

अखेर प्रोग्राम तयार झाला. पेटी दवाखान्यात न्यायला टेम्पो दारात आला. शेवटची चाचणी घेताना पद्मजाचा हात लागून सेन्सर निसटला. बाळाचं अंग किती गरम आहे, हे तोच मोजायचा. पेटीला वाटलं बाळ गारठलं, आणि ती तापतच गेली.

हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. नोकरीही अजून पक्की नव्हती. पण ते मूठभर जीव तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"मॅडम, पेटी पाठवू नका. माझं चुकलंय. सेन्सर निसटला तर काय, हे मी प्रोग्राममध्ये धरलंच नाही."

कारखान्याच्या मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मॅडमनी मात्र टेम्पो परत पाठवला. "चल, दोघी मिळून बघू," त्या म्हणाल्या.

सेन्सर निसटताच ऊब बंद होईल आणि घंटा वाजेल, अशी सोय पद्मजाने केली. पेटी उशिरा गेली, पण बिनधोक गेली.

"हिला कायम करायचं म्हणता?" मालकांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "भाषा शिकवता येते हो. ही कळकळ कुठून आणायची?"

तात्पर्य: कोणती भाषा शिकावी हे चार लोकांना विचारू नये, हातातल्या कामाला विचारावं, आणि ते काम ज्याच्यासाठी करायचं, त्याची काळजी आधी मनात धरावी.