आप्पांना उचलायचंय

"पण अंगात ताकद किती दिवसांत येईल, वस्ताद? काहीतरी सांगा ना."

बाबालाल वस्ताद तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उकिडवे बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"घाई कसली रं एवढी?"

"घाई म्हणजे... तोवर निभावलं पाहिजे ना."

विचारणाऱ्याचं नाव सर्जेराव. नाव ऐकून माणूस दबकून उभा राहील, आणि प्रत्यक्ष बघितल्यावर म्हणेल, बसा हो, पाणी देऊ का? घड्याळं दुरुस्त करून करून त्याचे खांदे पुढं आले होते, आणि पोट खांद्यांच्याही पुढं. तालमीच्या पायऱ्या चढताना सगळेच धापा टाकतात. हा गडी उतरतानाच दमला होता.

आणि बाप कोण? तर आप्पा भोकरे! याच तालमीतला पैलवान. अख्ख्या पट्ट्यात त्याला कुणी चीत केलं नाही, त्याच्या पाठीला कधी माती लागली नाही. बाबालालची आणि त्याची एकदा जत्रेत जुंपली होती. दिवस मावळला तरी कुणी कुणाला ऐकेना, शेवटी पंचांनीच ओढून बाजूला केलं. तेव्हापासून दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही.

गेल्या दिवाळीत आप्पांना लकवा झाला. डावा हात गेला, डावा पाय गेला. धूड मात्र पैलवानाचंच राहिलं.

"रोज सकाळी कॉटवरून खुर्चीत बसवतो त्यांना," सर्जेराव सांगत होता. "हात लटलट कापतात माझे. बायकोच्यानं उचलवत नाही, ती बिचारी काडी. एखाद्या दिवशी हातातून सुटले म्हणजे? मला रात्रीची झोप नाही, वस्ताद. दुकानात बसतो, पण कान सगळा घराकडं."

"गल्लीत माणसं हायती की. हाक मारायची."

"आप्पांनी शपथ घातलीय."

"कसली?"

"परक्या माणसानं अंगाला हात लावायचा नाही. म्हणतात, मला उचलायला माणसं गोळा करावी लागली, तर त्या दिवशी मी मेलो असं समज."

वस्तादांच्या हातातला खडा हातातच राहिला.

"असं म्हणाला?"

"हो."

"अजून तसंच हाय की गाढव," वस्ताद म्हणाले. पण हसले नाहीत.

...

"सदरा काढ. एक जोर मार."

सर्जेरावानं माती कपाळाला लावली. हात टेकले, पाय मागं नेले, कंबर वर उचलली आणि छाती मातीजवळून पुढं न्यायला गेला. छातीच्या आधी पोट टेकलं. दंडातलं सगळं कापायला लागलं. दातावर दात दाबून कसाबसा वर आला एकदाचा.

"झालं. जा घरी."

"म्हणजे?"

"म्हंजे घरी जा. उद्या ये."

मागं अंग चोळत बसलेल्या पैलवानांत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर्जेरावाचे कान लाल झाले.

"चेष्टा करताय काय, वस्ताद? एका जोरानं काय होणार? मोबाईलवर सगळं बघून आलोय मी. अंग पिळून निघाल्याशिवाय ताकद येत नाही. आणि मी काही कुणीही नाही, आप्पा भोकऱ्यांचा मुलगा आहे!"

"व्हय. म्हणूनच म्हणतोय, एक बास झाला."

वस्ताद उठले, वेचलेले खडे ओंजळीत घेतले आणि बाहेर टाकायला गेले.

माणसाचा अपमान झाला की त्याला कुठून बळ येतं देव जाणे. सर्जेरावानं जोर मारले. थांबला, धापा टाकल्या, परत मारले. मग बैठका काढल्या. मग कोपऱ्यातला लाकडी मुद्गल उचलून खांद्यावरून फिरवला, तो पाठीवर आदळला, तरी फिरवला. पिराजी हा तालमीतला थोरला पैलवान. तो आपणहून उठून आला. म्हणाला, "दादा, बास करा आता, अंग आंबंल."

"आंबू दे!"

वस्ताद परत आले तेव्हा सर्जेराव घामानं निथळत होता आणि चेहरा असा खुलला होता, जसा काही फड मारून आलाय. वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कापणाऱ्या हातांकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"उद्या आप्पाला कोण उठवणार?" त्यांनी विचारलं.

"मीच की!"

वस्तादांनी मुद्गल उचलून कोपऱ्यात ठेवला.

...

दुसऱ्या दिवशी सर्जेराव आलाच नाही.

आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. सदऱ्याची बटणं उघडी, कारण हात गळ्यापर्यंत पोचत नव्हते. केस तसेच विस्कटलेले. खाली उतरलाच नाही, वरच्या पायरीवर मटकन बसला.

"सुटले," तो म्हणाला.

तालमीत जोर चालले होते, ते थांबले.

"काल सकाळी उठलो तर हात वर होईनात. म्हटलं, होईल, हलवले की मोकळे होतील. आप्पांच्या काखेत हात घातले, उचलायला गेलो, तर हातांत काही नव्हतंच, वस्ताद! पीठ झालेलं नुसतं. आप्पा घसरले. मी धरायला गेलो... नाही धरता आलं. खाली गेले. उताणे."

"लागलं काय त्याला?"

"मार नाही लागला कुठं. पण फरशी किती गार, वस्ताद. मी ओढून बघितलं, बायकोनं बघितलं. आप्पा उजव्या हातानं कॉटचा पाय धरून स्वतःला ओढत होते, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मला राहवेना. शपथ मोडली. गल्लीतल्या तिघांना बोलावलं. चांगली माणसं हो, एक शब्द बोलली नाहीत. उचललं आणि कॉटवर नेऊन ठेवलं."

"मग?"

"आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. ते अजून तसंच आहे. पोटात अन्नाचा कण नाही. बायको चमच्यानं पाणी लावते ओठांना, तर दात घट्ट आवळून घेतात. एवढंच बोलले, ती माणसं गेल्यावर..."

"काय?"

"म्हणाले, लागली रे सर्जा, पाठीला माती."

...

पिराजीनं उगाच पंचा झटकला.

मग सर्जेराव रडायला लागला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण लहान पोरासारखा, नाक पुसायलाही हात वर होत नाही म्हणून तसाच.

"मी काय करू, वस्ताद? आज किती जोर मारू? तुम्ही म्हणाल तेवढे मारतो. तुम्ही म्हणाल तसे मारतो. पण काहीतरी करा. ते जातील हो! माझ्या हातानं जातील!"

वस्तादांनी सदरा काढला आणि खुंटीला लावला. हौद्यात उतरले.

वस्ताद हौद्यात उतरले की सगळे उभे राहतात, तसे राहिले. पुढं काय होणार ते मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. या तालमीचा एक दंडक आहे, वस्तादांनीच घातलेला. दमून जीव जायची वेळ आली तरी पैलवानानं हौद्यात कुशीवर पडायचं, उताणं पडायचं नाही. पोरं हसतात त्याला, पण पाळतात.

वस्ताद हौद्याच्या मधोमध गेले. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. आणि हळूहळू मागं होत, पाय पसरून, उताणे झाले.

"वस्ताद!" पिराजी धावला. "काय झालं? चक्कर आली?"

"कुणी हात लावायचा न्हाई."

पिराजी जागच्या जागी थांबला.

"सर्जा," मातीतून आवाज आला. "ये हिकडं. उचल मला."

"मी? माझे हात..."

"म्हाईत हाय. ये."

सर्जेराव पायऱ्या उतरला. वाकला, काखेत हात घातले. वस्तादांनी अंग सगळं सैल सोडलेलं. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, पण हाडं काय साधी होती? सर्जेरावानं जोर लावला, दंडातून कळ निघाली आणि तो त्यांच्या शेजारीच गुडघ्यावर आला.

"आता?"

"नाही होत, वस्ताद."

"मग हाक मार की."

सर्जेरावानं तोंड उघडलं. आवाज निघेना. समोर माणसं उभी, हाताच्या अंतरावर, तरी निघेना.

"मार रं हाक. का रातीपतुर हितंच ठेवणार हायेस मला? पाठीखाली गार लागतंय. म्हातारा माणूस मी."

"पिराजी..." सर्जेराव म्हणाला. अगदी बारीक. मग जरा मोठ्यानं, "पिराजी, जरा या हो. मला एकट्याला नाही जमत."

पिराजी हलला नाही. कुणीच हललं नाही. वस्तादाच्या पाया पडतात, वस्तादाचे पाय चेपतात. मातीतनं वस्तादाला उचलायचं, हे कसं करायचं?

"बहिरी झालात काय रं समदी?"

मग आले. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय. सर्जेराव वाट देत मागं सरकला.

"तू कुटं निघालास?" वस्ताद त्याच्यावर खेकसले. "डोकं धर माझं. मान लटकतीया. तेवढं येतंय नव्हं?"

सर्जेरावानं दोन्ही तळवे त्यांच्या डोक्याखाली घातले. दंड ठणकत होते. पण डोक्याचं वजन ते केवढं? तेवढं आलं. पिराजीनं 'हं' म्हटलं आणि सगळ्यांनी मिळून वस्तादांना उचललं, कट्ट्यापाशी नेलं आणि अलगद बसवलं. सर्जेरावानं हात काढले ते सगळ्यांत शेवटी.

"झाला तुझा आजचा जोर," वस्ताद म्हणाले.

त्यांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत तांबडी माती चिकटली होती. सवयीनं पिराजी पंचा घेऊन पुसायला गेला. वस्तादांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"ऱ्हाऊ दे."

तसाच मातीवरून सदरा चढवला. पांढऱ्या सदऱ्यातून लाल डाग वर आले. ते बघून एकाला भडभडून आलं, तो तोंड फिरवून नळाकडं गेला.

वस्तादांनी हात धुतले. शिदोरीचं फडकं सोडलं. भाकरी होती, ठेचा होता, कांदा होता. बुक्की मारून कांदा फोडला आणि जेवायला बसले. सगळ्या तालमीदेखत, एकेक घास चावून चावून. खाणं चाललंय आणि दहा-पंधरा माणसं उभी राहून बघताहेत.

सर्जेरावाचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा दाराकडं बघे, एकदा भाकरीकडं.

"वस्ताद... घरी आप्पा..."

"बस. संपू दे."

एक भाकरी संपली. वस्तादांनी दुसरी घेतली. तीही संपली. तांब्याभर पाणी प्यायले, मिशा पुसल्या.

"वस्ताद, मी काय करू ते सांगितलं नाहीत."

"काय करू काय? पळ घरी. आप्पाला सांग."

"काय सांगू?"

"सांग, बाबालालच्या पाठीला माती लागली. उचलायला पाच माणसं लागली. आणि म्हणावं, उठल्या उठल्या त्यानं दोन भाकरी खाल्ल्या."