दर्याचा नारळ आणि आठपदरी रस्ता

रस्ते कुणालाही न विचारता कुठेही आडवे व्हायचे, त्या काळची गोष्ट. असाच एक आठपदरी रस्ता कोळीवाडा आणि दर्या यांच्या मधोमध येऊन पसरला.

नारळी पौर्णिमेला सजलेली होडी दर्याला शांत करायला नारळ घेऊन निघाली. रस्ता म्हणाला, "बाई, इथून जाता येणार नाही. पुढच्या तालुक्यात यू-टर्न आहे."

होडी डोलकाठी सावरत ट्रकांच्या रांगेत लागली.

वाट पाहून दर्या खवळला. "माझा नारळ कुठाय?"

"यू-टर्नला अडकलाय. घाई असेल तर तुम्हीही तिकडूनच जा."

"बाळा, मला वळायला कुणी शिकवलंच नाही," म्हणत दर्या सरळ आला.

संध्याकाळी होडी परतली, तेव्हा रस्ता दिसेना. तिने तिथेच नारळ सोडला.

पाण्याखालून बुडबुडे आले, "बाई, इथे थांबायला मनाई आहे!"