सरपंचबाईंची मुलाखत

शैलजाची हयात रेडिओवर बायकांच्या हक्कांबद्दल बोलण्यात गेली. एकदा ती एका गावी नव्या सरपंच इंदुबाई खराडे यांची मुलाखत घ्यायला गेली. सगळं गाव चावडीत लोटलं. पण प्रश्न इंदुबाईंना विचारला, की माईक ओढून घ्यायचे त्यांचे यजमान बापूसाहेब.

"तिला काय कळतंय त्यातलं? मी आहे ना, विचारा!"

रस्त्यावर तेच बोलले, शाळेवर तेच बोलले. शैलजानं हुज्जत घातली नाही. मान डोलवत राहिली आणि शेवटी गोड आवाजात म्हणाली, "सरपंचबाई, नवरा तुम्हाला बोलू देतो का हो?"

सवयीनं बापूसाहेबांनी माईक ओढला. "देतो की! पूर्ण मोकळीक आहे!"

चावडी हशानं दणाणली. बापूसाहेब खाली मान घालून चपला शोधू लागले. याहून झकास शेवट कुठला मिळायला, म्हणून शैलजानं खुशीत रेकॉर्डर बंद केला.

कार्यक्रम जिल्हाभर गाजला. पुढं एकदा शैलजा ती मूळ टेप एकटीच ऐकत बसली. हसण्याच्या गलक्यात, अगदी शेवटी, एक बारीक आवाज होता. "ताई, आता मी बोलू का? आमच्या गावात बायकांना..."

पुढं टेप कोरी होती.