नव्या कढईची पहिली भाजी

“बघच तू, पहिलीच भाजी तळाला लागेल आणि संध्याकाळच्या आत ही माळ्यावर जाईल,” जुनी परात उलथन्याच्या कानात कुजबुजली. भांडी बोलत होती त्या काळातली ही गोष्ट. परातीला सगळी भांडी आत्या म्हणायची. खुंटीवरच्या नव्या लोखंडी कढईने ते ऐकलं.

दुपारी अचानक पाहुणे आले. कढई चुलीवर चढली, तेल-मोहरी पडली आणि लगेच आत्या बटाट्याच्या फोडी ओतायला वाकली.

“अगं, पानं मांडलीत! घे पटकन,” उलथनं कढईवर करवादलं.

मोहरी तेलात अजून मुकाट पडून होती. कढईला वर माळा दिसत होता.

“थांबा, आत्या,” ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली. “भाजी नव्या कढईला लागत नाही, गार कढईला लागते. मोहरी तडतडू द्या, मग ओता.”